दोन लाल पिना आणि टोपीवाला बेडूक

बेडूक गाव सोडून निघाला होता आणि काकूंना त्याचं बोलणं वाचता येत नव्हतं. सगळी भानगड सुरू झाली ती इथून.

बेडूक खरा नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. लेक नोकरीसाठी दूरदेशी गेली तेव्हा तिच्या कपाटात हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम राहिला होता. काकूंनी तो धूळ पुसायला म्हणून उचलला, कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि आतून एक गाव निघालं. बारा घरं, एक तळं, थोडी फळझाडं. माणूस एकही नाही, सगळे प्राणी आणि सगळे बोलके. गंमत म्हणजे तिथलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालायचं. इथे सकाळ तर तिथेही सकाळ. चार दिवस फिरकलं नाही तर तण माजायचं आणि शेजारी फुरंगटून बसायचे. काकू सहा वर्षं रोज सकाळी चहानंतर अर्धा तास त्या गावात जाऊन येत. पाणी घालत, तण उपटत, कुणाची विचारपूस करत. तळ्याकाठच्या टोपीवाल्या बेडकाशी त्यांचं विशेष जमायचं, कारण तो कमी बोलायचा.

काकांच्या मते हा निव्वळ पोरखेळ होता. तोंडावर ते तसं कधी म्हणाले नाहीत. ‘चाललंय का तुझं गाव?’ एवढंच विचारत. पण ज्या सुरात विचारत त्यात सगळं आलं.

काका म्हणजे बिल्डिंगमधले रजिस्टरकाका. एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढली आणि त्या एकतीस वर्षांत एक कागद हरवू दिला नाही. निवृत्त झाल्यावर कागद संपले, पण सवय कुठे जाते? घरातल्या डब्यांवर, किल्ल्यांवर, औषधांच्या खोक्यांवर, मीटरवर, एवढंच काय, छत्रीच्या दांड्यावरही काकांच्या टपोऱ्या अक्षरातली लेबलं होती, आणि प्रत्येक लेबलाची एका जाडजूड रजिस्टरात नोंद होती. ‘लेबल बघा’ हे काकांचं शेवटचं उत्तर असायचं. त्यापुढे अपील नाही.

तर काकूंचे डोळे अधू व्हायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आतला पडदा झिजतोय, चष्म्याने भागणार नाही. मोठं ते बघा, बारीक पडद्यावर डोळे ताणायचे नाहीत म्हणजे नाहीत. काकूंनी मान डोलावली, घरी आल्या, आणि दुसऱ्या दिवशी चहानंतर गेम हातात घेऊन नुसत्याच बसून राहिल्या. बेडकाच्या घरात खोकी रचलेली त्यांना अंधुक दिसली होती. दारावर पाटी होती, तीवरची तारीख तेवढी मोठ्या आकड्यात होती. तीस. त्या दिवशी होती एकोणीस.

‘‘त्याच्याशी बोलले नाही तर तीस तारखेला निघून जाईल तो,’’ काकू म्हणाल्या.

‘‘त्यात काय, मी वाचून दाखवतो की,’’ काका म्हणाले, आणि गेम नाकासमोर धरून कचेरीत इतिवृत्त वाचत त्या आवाजात सुरुवात केली, ‘‘सदर बेडूक असं म्हणतो की—’’

काकूंनी गेम काढून घेतला. ‘‘नको. त्याचं माझ्याशी बोलणं आहे. तिऱ्हाइताच्या तोंडून नको.’’

अडतीस वर्षांच्या संसारानंतर काका तिऱ्हाईत ठरले, तेही एका बेडकापायी. दुपारचा चहा त्यांना कडू लागला. पण अडतीस वर्षांत या बाईने आपल्याकडे स्वतःसाठी म्हणून काय मागितलं, याचा आठव करायला बसले तर पान कोरंच निघालं. तेव्हा काकांनी ठरवलं, या बेडकाला आपण थांबवायचं. गेम टीव्हीवर दिसायला हवा, एवढंच ना?

लेकीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘बाबा, सोपं आहे. त्याला पाच पिनांची वायर लागते. तीन पिना चित्राच्या, दोन आवाजाच्या. मी मागवून पाठवू का?’’

‘‘काही गरज नाही,’’ काका म्हणाले. ‘‘घरात त्रेचाळीस वायरी आहेत.’’

खरोखरच होत्या. माळ्यावरच्या खोक्यात, प्रत्येकीला गुंडाळून, लेबल लावून. त्यांतली ‘अज्ञात – ७’ ही नेमकी तीच निघाली. काकांना आपल्या पद्धतीचा इतका अभिमान वाटला की ते दोनदा ‘बघ’ म्हणाले, आणि काकूंना दिसत नाही हे आठवून गप्प झाले.

आता इथे थांबून वायरीचं वर्णन केलं पाहिजे, कारण पुढचे अकरा दिवस तिच्यातच गुंतले आहेत. वायरीच्या एका टोकाला गेमला लावायची चपटी पिन. दुसऱ्या टोकाला पाच तोंडं : हिरवं, निळं, लाल, पांढरं आणि पुन्हा लाल. हो, दोन लाल. हे ज्याने केलं त्याला काय म्हणावं! जगात रंगांना तोटा होता का? एक लाल चित्राचा, एक लाल आवाजाचा, आणि दिसायला दोन्ही सारखे. फरक कळावा म्हणून बिचाऱ्याने चित्राच्या तीन वायरी एकमेकींना चिकटवल्या होत्या आणि आवाजाच्या दोन एकमेकींना. पण चिकटलेल्या वायरींना लेबल नीट बसत नाही. म्हणून काकांनी त्या पाचही, नखाने हलकेच, पार बुडापर्यंत सोडवल्या. मग हात चोळले, लेबलं लावली : हिरवी, निळी, लाल (चित्र), पांढरी, लाल (आवाज). रजिस्टरात नोंद केली आणि खाली सही ठोकली.

कुठली लाल कुठली, हे सोडवण्याआधी बघून ठेवायला हवं होतं, हे तुम्हाआम्हाला कळतं. काकांनाही कळलं असतं. पण त्यांनी लेबल लावलं होतं, आणि एकदा लेबल लागल्यावर शंका घेणं हे त्यांच्या खात्यात शिकवलेलंच नव्हतं.

वायर सिद्ध झाली तर टीव्ही अडून बसला. तो भिंतीला असा बिलगलेला होता की मागे चार बोटांची फट. पिना खुपसायच्या भोकांपर्यंत हात जाईना. काकूंचा हातआरसा धरून बघितलं तर डावं उजवीकडे दिसायला लागलं, आणि काकांनी पांढरी पिन बराच वेळ भिंतीतल्या एका भोकात बसवायचा प्रयत्न केला. शेवटी सुतार आला. त्याने भिंतीवर टकटक केली आणि उसासा सोडला. कारागिराचा उसासा ऐकला की माणसाने घाबरावं. ‘‘उतरवतो,’’ तो म्हणाला, ‘‘पण भिंत किती येईल सांगत नाही.’’

भिंत परातभर आली. टीव्ही जेवणाच्या टेबलावर बसला आणि काका-काकू जेवायला स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभे. भिंतीवर चार खिळ्यांचे खड्डे आणि मधोमध विटा दिसणारं एक भगदाड. वरच्या मजल्यावरचे इंजिनियर आवाज ऐकून खाली आले होते. ते भगदाडाकडे बघून म्हणाले, ‘‘वाळू जास्त पडलीय.’’ इंजिनियर आयुष्यभर सांडपाण्याच्या नळांचे इंजिनियर होते, पण सल्ल्याला त्यांनी खात्याची मर्यादा कधी घातली नाही.

बावीस तारखेला पाच पिना पाच भोकांत गेल्या. लेबल बघून. काकांनी बटण दाबलं. टीव्हीवर गाव आलं!

आलं, पण सगळं हिरवं. झाडं हिरवी, ती ठीक. आकाश हिरवट, रस्ता हिरवा, घरं हिरवी, आणि गावातली कोंबडी शेवाळ चढल्यासारखी. वर आवाज असा की डब्यात भुंगा कोंडलाय. समोरच्या मावशी दारातून डोकावल्या. ‘‘अगंबाई, गावात साथ आलीय का हो?’’

काकू खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या, डोळे बारीक केले, तिरकं बघितलं. ‘‘बेडूक बरोबर दिसतोय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बाकीचेही सगळे बेडूकच दिसताहेत. अक्षरं तर हिरव्यात हिरवी. काही लागत नाही.’’ पाच मिनिटांत त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा काकांनी घाईने टीव्ही बंद केला.

‘‘अर्थिंग,’’ इंजिनियर म्हणाले.

‘‘काढून परत लावून बघा ना,’’ मावशी म्हणाल्या.

काकांनी काढून परत लावलं. लेबल बघूनच. परत हिरवं. मग इंजिनियरांच्या सांगण्यावरून टीव्ही टेबलासकट सरकवून दुसऱ्या भिंतीकडच्या प्लगाला लावला, म्हणजे जाता-येता दार अर्धंच उघडायला लागलं. मग खाली लाकडी पाट घातला. मग टीव्हीशेजारी आलेला आपला फ्रिज बंद केला, कारण फ्रिजच्या लहरी येतात म्हणे. लहरी थांबल्या की नाही देव जाणे, दूध मात्र नासलं. गाव हिरवं ते हिरवंच.

चोवीस तारखेला काकांनी टीव्हीच्या कंपनीला फोन लावला. पहिली वीस मिनिटं वाजंत्री. मग एक गोड आवाजाची बाई आली आणि टीव्हीच्या मागचा अनुक्रमांक विचारती झाली. काकांनी वॉरंटीचं कार्ड अर्ध्या मिनिटात काढलं; ही त्यांच्या आयुष्यातली तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची सुखाची घटका असेल. पण कार्डावरच्या क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर होतं, ते टीव्हीवर नव्हतं.

‘‘सर, मग हा टीव्ही आमच्याकडे नाहीच आहे,’’ बाई म्हणाली.

‘‘तुमच्याकडे कसा असेल? माझ्याकडे आहे. समोर, टेबलावर.’’

‘‘नोंद नाही ना सर. नोंद नसेल तर आम्ही काही करू शकत नाही.’’

हेच वाक्य, याच शांत आवाजात, काकांनी एकतीस वर्षं खिडकीच्या आतून लोकांना ऐकवलं होतं. खिडकीच्या बाहेरून ते कसं ऐकू येतं हे त्यांना आज कळलं. त्या खिडकीशी येऊन परत गेलेली दोन-चार तोंडं उगाचच डोळ्यांसमोर आली. बाईने विचारलं, ‘‘आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का? एक ते पाचमधला आकडा दाबा.’’ काकांनी पाच दाबला. नियमाने वागणाऱ्याला कमी गुण द्यायला त्यांचं मन होईना.

तरी दोन दिवस खेटे घालून, तीन अर्ज करून, सत्तावीस तारखेला कंपनीचा माणूस घरी आलाच. त्याने गावाकडे बघितलं, भुंगा ऐकला आणि क्षणात म्हणाला, ‘‘काका, लाल-लाल उलटं नाही ना लागलं?’’

झालं! काकांच्या कानाच्या पाळ्या त्या दोन पिनांच्या रंगाच्या झाल्या. ‘‘लेबल बघा,’’ ते म्हणाले.

माणसाने वाकून लेबल बघितलं. एवढं स्वच्छ अक्षर, शिवाय खाली तारीख. तो बिचारा ओशाळला. ‘‘लेबलप्रमाणे बरोबर आहे,’’ म्हणाला, आणि ‘टीव्हीत दोष नाही, गेममध्ये असावा’ असं लिहून, काकांची सही घेऊन निघून गेला.

अठ्ठावीस गेली, एकोणतीस गेली. गेम दुरुस्त करणारा एक दुकानदार शोधला, तर तो म्हणाला, ठेवून जा, पंधरा दिवस लागतील, आणि आतलं सगळं पुसलं जाईल. काकांनी गेम छातीशी धरून परत आणला. सकाळचा चहा झाला की काकू खिडकीशी बसत. हात मांडीवर, रिकामे. काकांना ते हात बघवेनात. इतकी वर्षं ज्याला पोरखेळ मानलं तो अर्धा तास घरातून गेला, तर दिवसभर घर सुनं वाटत होतं.

तीस तारीख उजाडली. काका सकाळपासून रजिस्टर उघडून चूक कोणाची ते शोधत होते. कंपनीची नाही, इंजिनियरांची नाही, सुताराची भिंतीपुरती. दुपारी काकू खिडकीतून उठल्या आणि टेबलापाशी आल्या.

‘‘अहो, ती वायर काढून जरा माझ्याकडे द्या बघू.’’

‘‘तुला काय दिसणार त्यात?’’

हे तोंडातून गेलं आणि काकांनी जीभ चावली. काकूंनी काही मनाला लावून घेतलं नाही. वायर मांडीवर घेतली, डोळे मिटले, आणि चपट्या पिनेकडून एकेक धागा दोन बोटांत धरून टोकापर्यंत नेला. परत पहिल्यापासून नेला.

‘‘दोन बारीक आहेत, तीन जाड आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बारकी पांढरी, आणि तिच्या अंगाची ही दुसरी बारकी. हिच्यावर काय लिहिलंय तुम्ही?’’

काकांनी वाचलं. ‘‘लाल, कंसात चित्र.’’

‘‘ही पांढरीची जोडीदार आहे. चित्राची नाही.’’

‘‘पण लेबल—’’

‘‘लेबल तुम्हीच लावलंत ना?’’

काका उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. मग टेबलाशी गेले, रजिस्टरातल्या त्या ओळीवर सरळ एक रेघ मारली, वर ‘चूक’ असं लिहिलं, आणि आद्याक्षरं व तारीख घातली. नोकरीची एकतीस आणि निवृत्तीनंतरची सहा, एवढ्या वर्षांतली पहिली खाडाखोड. खाडाखोड केल्याने जीव जात नाही असं लक्षात आलं.

लाल-लालची अदलाबदल केली. भुंगा थांबला. आकाश निळं झालं, कोंबडीचा तुरा लालभडक, तळ्यावर ऊन. अकरा दिवसांचं तण सोडलं तर एवढं मोठं, एवढं नेटकं गाव काकांनी प्रथमच बघितलं. वाफे एका रेषेत होते. प्रत्येक घरासमोर वेगळ्या रंगाची फुलं होती. सहा वर्षं रोज अर्धा तास या बाईने काय केलं ते एका नजरेत दिसत होतं, आणि आपण ते विचारलंही नाही, याची काकांना मनापासून लाज वाटली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. अर्ध्या उघड्या दारातून अंग चोरून इंजिनियर आले, मावशी आल्या. काकू टीव्हीपासून हातभर अंतरावर बसल्या, मान जराशी कलती ठेवून, गेम हातात धरून. तण ओलांडत तळ्यापाशी गेल्या. बेडूक दारातच उभा होता, टोपी हातात. पडद्यावर बोटाएवढी अक्षरं उमटली, आणि काकूंनी ती स्वतः, एकेक करून, मोठ्याने वाचली.

‘‘‘वाट बघत होतो. मला समुद्र बघायचाय. तू थांब म्हणालीस तर थांबेन.’’’

खाली दोन चौकोन आले. एकात ‘थांब’, दुसऱ्यात ‘जाऊन ये’.

‘‘थांब! थांब दाबा, वहिनी!’’ इंजिनियर ओरडले. मावशींनी पदर तोंडाशी नेला. फुटलेली भिंत, नासलेलं दूध, तीन अर्ज, एक खाडाखोड, सगळं या एका बटणासाठी होतं.

काकूंनी ‘जाऊन ये’ दाबलं.

बेडकाने टोपी घातली, कमरेत वाकला आणि रस्त्याने चालत पडद्याबाहेर गेला. इंजिनियर म्हणाले, ‘‘अरेच्चा! चुकून दुसरं दाबलं गेलं वाटतं.’’ मावशींनी त्यांना कोपराने ढोसलं आणि दोघं निघून गेले.

‘‘अगं,’’ काका म्हणाले, ‘‘त्याला थांबवायचं होतं ना?’’

‘‘थांबवायचं म्हणून कधी म्हटलं मी?’’ काकूंनी डोळे पुसले. डोळे थकले होते म्हणून की दुसऱ्या कशाने, त्यांनी सांगितलं नाही. ‘‘त्याला जायचंय तर जाऊ दे की. नीट निरोप द्यायचा होता, एवढंच. न बोलता गेला असता तर लागून राहिलं असतं मनाला.’’ थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘‘पोरगी गेली तेव्हा गाडी वळली त्या क्षणाला तुम्ही खाली सामानाचे नग मोजत होतात आणि मी विसरलेला डबा आणायला वर आले होते. दोघांचाही निरोप राहिलाच.’’

काकांनी पडद्यावरच्या बेडकाच्या रिकाम्या घराकडे एकदा बघितलं. मग आतल्या खोलीत गेले आणि फोन लावला. एरवी फोन रविवारी व्हायचा; आज रविवार नव्हता. लेकीने पहिल्याच घंटेला उचलला.

‘‘बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?’’

‘‘बरी आहे. टीव्ही लागला.’’

‘‘मग?’’

काकांना कचेरीतलं एकही वाक्य उपयोगी पडेना. ‘‘तू गेलीस ना त्या दिवशी,’’ ते म्हणाले, ‘‘मी सामान मोजत होतो. तुला ‘जाऊन ये’ म्हणायचं राहिलं गं.’’

‘‘बाबा, सहा वर्षं झाली त्याला.’’

‘‘हो. जाऊन ये, बाळा.’’

लेक लहानपणच्या आवाजात म्हणाली, ‘‘येते, बाबा.’’